लॉर्ड लँटर्नची यमकं

एके सकाळी एथेलबर्ट क्वामिनाने बायकोकडे किल्ली मागितली.

"की," तो म्हणाला. इस्मेने दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा आणून त्याच्यासमोर ठेवला. त्याने जुडग्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, "की." आवाज जरा चढला होता. इस्मेने मागच्या दाराची किल्ली आणली, कपाटाची आणली, कित्येक वर्षं न लागलेली पेटीची गंजकी किल्लीसुद्धा शोधून आणली. शेवटी त्याने टेबलावरचा रिकामा कप उचलून तिच्यासमोर आदळला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. त्याला चहा हवा होता. म्हणायचं होतं 'टी' आणि तोंडातून येत होतं 'की'.

चेष्टा करतोय, असं तिला आधी वाटलं. त्याचं सगळं आयुष्य चेष्टा करण्यातच गेलं होतं. पण मग तिला दिसलं, की कप डाव्या हातात आहे आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून आहे. तोंडाचा उजवा कोपराही खाली ओघळला होता. शेजारची ईना तिच्या हाका ऐकून धावत आली आणि दोघींनी मिळून त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

एथेलबर्ट क्वामिना हा ग्रँडीचा सुतार. गावाचं कागदावरचं नाव सांग्रे ग्रांदे, पण तिथलं माणूस ते पूर्ण नाव कधी घेत नाही. बाजाराच्या मागच्या चढावर त्याचं घर आणि घराला टेकूनच दुकान. दारं-खिडक्या करायचा, कुणी गेलं तर शवपेटीही करायचा. त्या भागातल्या निम्म्या घरांची दारं त्याच्या हातची. पण राजधानीपर्यंत, पोर्ट ऑफ स्पेनपर्यंत, त्याला जी माणसं ओळखायची ती लॉर्ड लँटर्न या नावाने. कार्निव्हल जवळ आला, की तो रंधा खाली ठेवायचा, पांढरा कोट चढवायचा आणि गायला उभा राहायचा. लिहून, घोकून, पाठ करून गाणाऱ्यांतला तो नव्हता. तिथल्या तिथे रचून गाणारा होता. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने चार ओळींत टोला हाणायचा, दुसऱ्याने लगेच चार ओळींत परतवायचा. ओळींचे शेवट जुळलेच पाहिजेत, आणि विचाराला वेळ किती, तर गिटारवाला मधली सुरावट वाजवेल तेवढा. तेवढ्या वेळात लँटर्नच्या जिभेवर चार यमकं येऊन बसलेली असायची. लोक म्हणायचे, ह्याचा अर्थ नंतर जन्मतो, यमक आधी.

दवाखान्यातून तो घरी आला तो काठी टेकत, आणि सगळी वाचा उलटीपालटी करून घेऊन. डॉक्टरीणबाईंनी इस्मेला समजावून सांगितलं होतं. "त्यांना सगळं कळतंय, मिसेस क्वामिना. काय म्हणायचंय तेही पक्कं माहीत आहे. फक्त शब्द घ्यायला हात घालतात आणि शेजारचाच हाताला लागतो. सारख्या आवाजाचा."

"म्हणजे यमक," इस्मे म्हणाली.

"हो, तसंच म्हणा. कधीकधी नीट शब्दही येईल."

वॉर्डात असतानाच त्याने एक गोंधळ घालून ठेवला होता. परिचारिकेने विचारलं, कुणाला बोलावू? तर हा म्हणाला, "नाइफ." पुन्हा विचारलं, पुन्हा "नाइफ." म्हाताऱ्याला सुरी कशाला हवी म्हणून त्या पोरीने घाबरून जेवणाच्या ताटातल्या सुऱ्यासुद्धा काढून घेतल्या. त्याला हवी होती बायको, 'वाइफ'. इस्मेला हे कळलं तेव्हा ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून हसली आणि हसता हसता डोळ्याला पदर लावावा तसा तिने झग्याचा काठ लावला.

घरी आल्यावर रोज नवं काहीतरी निघायचं. "माइस, माइस," म्हणून तो स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचा. इस्मे केरसुणी घेऊन डब्यांमागे उंदीर शोधत राहिली आणि चुलीवर शिजलेला भात गार झाला. त्याला 'राइस' वाढून हवा होता. "मॅन," म्हणाला म्हणून ती दार उघडून कोण माणूस आलाय ते पाहायला अंगणात गेली, तर हा उकाड्याने घामाघूम होऊन छताच्या पंख्याकडे, 'फॅन'कडे, बघतोय. एकदा लख्ख उन्हात तो "रेन, रेन" करायला लागला. तिने पाऊस येणार म्हणून दोरीवरचे कपडे भराभर ओढले आणि आत आली. तो गुडघा दाबून धरून बसला होता. 'पेन'. दुखत होतं बिचाऱ्याचं.

हळूहळू तिला कसब आलं. शब्दाच्या तोंडाकडे पाहायचंच नाही, त्याचं शेपूट धरायचं आणि त्या शेपटाचे दुसरे कोण कोण आहेत ते मनात आणायचं. तो "बेड" म्हणाला, की ती खाटेकडे न बघता पाव कापायला घ्यायची. संसारात एवढी वर्षं यमकं त्याने जुळवली, तिने फक्त ऐकली. आता दिवसभर ती जुळवत होती.

ईना कुंपणावरून म्हणायची, "काय गं इस्मे, आज काय मागितलं लॉर्डसाहेबांनी?"

"मून मागितला. चंद्र."

"आणि तू काय दिलंस?"

"चमचा. 'स्पून' हवा होता त्याला. सूप प्यायचं होतं."

"बाई गं. माझा नवरा नीट बोलायचा तेव्हाही मला कळायचं नाही त्याला काय हवंय ते. तुझं बरं आहे."

इस्मे हसायची. पण तो स्वतः कधी हसायचा नाही. चुकीचा शब्द तोंडातून पडला, की त्यालाच तो आधी ऐकू जायचा. तोंडात खडा आल्यासारखा चेहरा व्हायचा, डोळे मिटायचा. ज्याच्या जिभेला अख्खं सभागृह भ्यायचं, त्याला स्वतःच्या जिभेची लाज वाटत होती.

मग एके दिवशी तो म्हणाला, "वॉटर."

इस्मेला इतका आनंद झाला, की तिच्या हातून पेला पडता पडता वाचला. पाणी मागतोय, आणि पाणी म्हणूनच मागतोय. नीट शब्द आला. तिने माठातलं गार पाणी आणून दिलं. त्याने पेला बाजूला सारला. "वॉटर," तो म्हणाला. तिला वाटलं गार नको असेल, तिने कोमट आणलं. तेही सारलं. नारळाचं आणलं. त्याने मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

पुढे हे रोजचंच झालं. तो पाणी मागायचा, ती आणायची, तो सारायचा. ईना म्हणाली, "तऱ्हेवाईक झालाय तो. देत जा आणि सोडून दे." इतर शब्दांचं शेपूट इस्मे चटकन धरायची. इथे मात्र शब्द स्वतःच अर्थाचा होता, रोजच्या गरजेचा होता, आणि म्हणूनच ती फसत राहिली. शिवाय त्या शब्दाचं जे दुसरं भावंड, ते घरात उच्चारायचं नाही अशी सवय सगळ्यांना इतकी वर्षं लागलेली. मनसुद्धा तिकडे जात नव्हतं.

कथबर्ट भेटायला आला तो ह्याच दिवसांत. कथबर्ट म्हणजे माइटी बांबू, लँटर्नचा जन्माचा प्रतिस्पर्धी. रंगमंचावर दोघांनी एकमेकांची कुळं काढली होती आणि खाली उतरून एकाच बाटलीतून प्यायले होते. आता बांबूही वाकला होता. जिना चढून व्हरांड्यात येईपर्यंत त्याला धाप लागली.

"काय रे दिव्या," तो खुर्चीत बसत म्हणाला, "तेल संपलं म्हणतात तुझं."

एथेलबर्टच्या डोळ्यांत ओळख चमकली. त्याने तोंड उघडलं. "बोट," तो म्हणाला.

"बोट? कुठली बोट?"

"कोट," इस्मे आतून म्हणाली. "तुमचा कोट नवा आहे म्हणतोय, मिस्टर कथबर्ट."

"अरे वा. बायको दुभाषी ठेवलीस की." बांबू हसला, पण हसू फार टिकलं नाही. मग माणूस काय बोलावं ते न सुचून जे करतो ते त्याने केलं. खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला आणि त्यांच्या जुन्या सामन्यांची सुरावट गुणगुणायला लागला. शब्द नाहीत, नुसती चाल.

आणि एथेलबर्टने डावा हात वर केला. हात वर करायची त्याची ती पद्धत होती. आता ऐका, असं सांगणारी. चाल एक फेरा फिरून आली आणि तो गायला लागला. स्पष्ट. एकाही शब्दावर न अडखळता, एकही शब्द न चुकवता. जुने शब्द चालीबरोबर आपोआप येत होते.

*पोरगी म्हणते पाय घसरला नाचाच्या 'फ्लोअर'वर,*
*पोरांची रांग लागली माझ्या घराच्या 'डोअर'वर,*
*एक आणलंय पोटात, आणखी आणेल 'मोअर',*
*बापाचं नाव विचारा तर म्हणते, ठेवला नाही 'स्कोअर'.*

गाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटची ओळ संपली, की त्याच्या इच्छेवाचूनच पहिली पुन्हा सुरू होत होती. बांबूची बोटं केव्हाच थांबली होती. इस्मे हातातलं फडकं टाकून बाहेर आली आणि तिने नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला.

"पुरे, बर्टी," ती म्हणाली. "पुरे आता."

त्या चार ओळी बावीस वर्षांपूर्वीच्या.

लिस्ट्रा त्यांची एकुलती एक मुलगी. बापावर गेलेली, जिभेने तिखट, हाताने चपळ. औषधाच्या दुकानात काम करायची. एकोणीस संपून विसावं लागलेलं. तिचं एका मुलाशी जमलं होतं, एकाच मुलाशी. तो तेलाच्या विहिरींवर कामाला म्हणून दक्षिणेकडे गेला आणि त्याचं येणं थांबलं. लिस्ट्राने दिवस राहिल्याचं आईला सांगितलं तेव्हा कार्निव्हलला थोडेच दिवस उरले होते आणि एथेलबर्ट पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला होता. मायलेकींनी ठरवलं, आत्ता त्याचं डोकं फिरवायला नको. सामना होऊ दे, मग सांगू.

इस्मेने फक्त आपल्या बहिणीला सांगितलं. बहिणीने आणखी कुणाला. ग्रँडीचा बाजार काय आणि माइटी बांबूचे कान काय.

अंतिम सामन्याच्या संध्याकाळी इस्मे सभागृहात पुढून पाचव्या रांगेत बसली होती. लिस्ट्रा घरी रेडिओपाशी. बांबूने गायला घेतलं, की लँटर्न सगळ्या जगाच्या घरात उजेड पाडतो आणि स्वतःच्या घरात अंधार. पोरीचा झगा रोज का तंग होतोय ते एकदा दिवा धरून बघ म्हणावं. सभागृह खदखदलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एक क्षणभर पुसलेल्या पाटीसारखा कोरा झाला होता. त्याला ते तिथे, हजार माणसांसमोर, पहिल्यांदा कळत होतं. गिटारवाला मधली सुरावट वाजवत होता. ती संपली. लँटर्नचा हात वर गेला.

तिसऱ्या ओळीलाच लोक उभे राहिले. चौथ्या ओळीला टोप्या उडाल्या. आणि इस्मेही हसली. तिचं तिलाच कळलं नाही, एवढं ते यमक चपखल बसलं होतं. 'फ्लोअर', 'डोअर', 'मोअर' असं करत करत 'स्कोअर'वर येऊन आदळलं, आणि सगळ्यांबरोबर तिच्याही तोंडून हसू फुटलं. अर्थ तिच्यापर्यंत पोचला तो हसून झाल्यावर. तिचा हात तोंडावर गेला आणि तिथेच राहिला.

त्या वर्षीचा मुकुट लँटर्नने जिंकला.

घरी आले तेव्हा लिस्ट्रा रेडिओपाशीच बसलेली होती. रेडिओ बंद होता. ती उठली नाही.

"डॅडी," ती म्हणाली, "मोजायला एकच होता."

एथेलबर्टने मुकुट टेबलावर ठेवला. "मला का नाही सांगितलंत? घरात नाही, दारात नाही, त्या बांबूच्या तोंडून कळावं मला?"

"सांगणार होतो," इस्मे म्हणाली. "सामना झाल्यावर."

"झाला सामना."

"तू म्हणालास ते खोटं आहे," लिस्ट्रा म्हणाली. "तुला माहीत तरी होतं का खरं काय ते? माहीत नव्हतं, तर दुसरं काहीही म्हणायचं होतं."

"दुसरं जुळत नव्हतं," तो म्हणाला. आणि मग, स्वतःलाच ते कसं ऐकू आलं ते कळून, चिडून म्हणाला, "गाण्यातलं गाण्यात राहतं. पुढच्या वर्षी कुणाला आठवणार पण नाही."

पण लोकांना त्याच वर्षी आठवत होतं. शाळेतून सुटलेली पोरं त्या ओळी म्हणत घरावरून जायची. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक खोकल्याची बाटली मागायचं आणि जाता जाता विचारायचं, "काय लिस्ट्रा, स्कोअर किती झाला?" दुकानाच्या मालकाने तिला काही दिवस घरीच थांब म्हणून सांगितलं. ती थांबली. बापाच्या तोंडून माफीचा एक शब्द यावा म्हणून थांबली. एथेलबर्ट सकाळी उठून दुकानात जायचा, रंधा मारायचा, जेवायला यायचा आणि पुन्हा जायचा. तो एक शब्द त्याच्या जिभेवर कधी येऊन बसला नाही. ज्या दिवशी लिस्ट्रा टोरोंटोला दुसऱ्या मावशीकडे जायला निघाली, त्या दिवशी तो एका दाराची चौकट बसवायला मुद्दाम लांबच्या गावी गेला.

टोरोंटोत तिला मुलगी झाली. दर रविवारी तिचा फोन यायचा. घंटी वाजली, की एथेलबर्ट उठून दुकानात जायचा आणि रंधा चालवायला लागायचा. इस्मे मुद्दाम खिडकीपाशी उभी राहून मोठ्याने बोलायची. "हो का गं? चालायला लागली का ती?" रंध्याचा आवाज थांबायचा. "दात आले? किती?" पलीकडे सामसूम. फोन ठेवला, की रंधा पुन्हा सुरू. नात शाळेत गेली, तिचे टॉन्सिल काढले, ती कॉलेजात गेली. सगळं त्याला खिडकीतून कळत गेलं. त्याने कधी विचारलं नाही आणि तिने कधी सरळ सांगितलं नाही. गाणं त्याने त्या सामन्यानंतर थोड्याच वर्षांत सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, गुडघे साथ देत नाहीत.

बांबू त्या दिवशी, गाणं थांबल्यावर, खुर्चीचा हात धरून उठला. "मिस इस्मे," तो म्हणाला, "मला वाटलं, चाल ऐकून बरं वाटेल त्याला. देवाशपथ."

"जा तुम्ही," इस्मे म्हणाली. "तुमचा दोष नाही."

तिने खुर्ची नवऱ्याजवळ ओढली. तिने त्याचं तोंड पुसलं. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाला, "वॉटर."

ती उठणार होती. अर्धी उठलीही. आणि तिथेच थांबली. त्या शब्दाचं शेपूट आत्ता कुठे तिच्या हाताला लागलं होतं.

"डॉटर," ती म्हणाली. "लिस्ट्रा हवी आहे तुला."

एथेलबर्टने तिच्या हातावर कपाळ टेकलं. इतके दिवस तो मुलगी मागत होता आणि ती पेले भरभरून आणत होती.

तिने रविवारची वाट पाहिली नाही, स्वतःच फोन लावला. लिस्ट्राने सगळं ऐकून घेतलं.

"मम्मी, तो माझं नाव घेऊन म्हणाला का?"

"नाव नाही गं येत त्याला. पाणी म्हणाला. पण तूच."

"पाणी म्हणाला."

"लिस्ट्रा, तो फार दिवस नाही आता."

"बघते," लिस्ट्रा म्हणाली. "कामावरून रजा मिळते का बघते."

ती आली ती महिनाभराने. बेचाळिशीची बाई, केसांत पांढरं, बर्फाळ देशाचा जाड कोट हातावर टाकलेला. ईना कुंपणापाशी येऊन उभी राहिली. इस्मेने मुलीला जवळ घेतलं, मग हाताला धरून व्हरांड्यात नेलं.

एथेलबर्टला इस्मेने सकाळीच दाढी करून, पांढरा सदरा घालून बसवलं होतं. लिस्ट्रा समोर आली तशी त्याने उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग त्याचे ओठ हलायला लागले. शब्दासाठी आत कुठेतरी चाचपडत होता. कपाळावरची शीर फुगली.

"लॉरी," तो म्हणाला.

इस्मेला ऐकताक्षणी कळलं. इतक्या महिन्यांच्या सवयीने आता तिला विचारही करावा लागत नव्हता. तिने मुलीकडे पाहिलं. लिस्ट्राचा चेहरा हलला नाही. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून बाजारातल्या प्रत्येक वस्तूला यमक देणारी पोर ती. इस्मेच्या आधी तिला कळलं असणार.

लिस्ट्रा वळली आणि कठड्यावरून खाली रस्त्याकडे बघितलं.

"कुठे आहे लॉरी, डॅडी?" ती म्हणाली. "रस्ता तर रिकामा आहे."

"लॉरी," तो म्हणाला. "लॉरी. लॉरी."

"गेली असेल," लिस्ट्रा म्हणाली.

इस्मे काहीतरी बोलणार होती. तिच्या ओठांवर तो नीट शब्द आलाही होता. पण तो तिने म्हणायचा नव्हता, एवढं तिला कळत होतं. ती आत गेली आणि कलालूच्या पालेभाजीचे देठ मोडत बसली. बाहेरून त्याचा आवाज येत राहिला, हळूहळू बारीक होत गेला आणि थांबला.

लिस्ट्रा पंधरवडाभर राहिली. बापाला तिने न्हाऊ घातलं, भरवलं, त्याच्या दुखऱ्या गुडघ्याला तेल लावलं. नखं कापली. त्याला नातीचे फोटो दाखवले. ही पदवी घेताना, ही मैत्रिणींबरोबर. तो एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायचा. तिच्या हातून तो मुकाट्याने जेवायचा. पण तो शब्द त्याने तोंडातून काढला, की ती फोटो बाजूला ठेवायची, उठायची आणि दुसरं काही काम शोधायची. जायच्या दिवशी तिने वाकून त्याच्या कपाळावर ओठ टेकले. त्याने तिचा हात धरून ठेवला होता. तिने एकेक बोट सोडवून घेतलं, जपून, दुखणार नाही असं.

ती गेल्यावर तो बोलायचाच थांबला. पाणी नाही, किल्ली नाही, चंद्र नाही. इस्मे म्हणायची, "काहीतरी म्हण रे बर्टी, मी ओळखते." तो मान हलवायचा. पावसाळा अर्धा सरला तेव्हा एका दुपारी तो खुर्चीतच गेला. शवपेटी दुसऱ्या सुताराकडून करून घ्यावी लागली. त्याच्या हातची असती तर सांधे दिसले नसते, असं इस्मेच्या मनात येऊन गेलं.

लिस्ट्रा अंत्यविधीला येऊ शकली नाही. रजा सगळी संपली होती. मातीच्या दिवशी जुने गाणारे आले, बांबू आला. कुणी चाल धरू लागला, तर बांबूने त्याचा हात दाबला. प्रार्थनेची गाणी तेवढी झाली.

रविवारी फोन आला. कोण कोण आलं होतं, पाद्री काय बोलले, सगळं सांगून झालं. मग इस्मेला राहवलं नाही.

"लिस्ट्रा, तो लॉरी म्हणायचा ना तुला?"

"हो."

"त्याला काय म्हणायचं होतं ते..."

"मला माहीत होतं, मम्मी. पहिल्यांदा म्हणाला तेव्हाच कळलं."

इस्मे फोन धरून उभी राहिली. "मग एकदा तरी म्हणायचंस गं, कळलं म्हणून. मान तरी हलवायचीस."

"बावीस वर्षं मी त्या शब्दाची वाट बघितली," लिस्ट्रा म्हणाली. "जिभेवर सगळे शब्द होते तेव्हा त्याने तो दिला नाही. आणि मग दिली ती लॉरी. मला लॉरी नको होती, मम्मी. मला वाटलं, थोडं थांबू. एखाद्या दिवशी नीट येईल. डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, कधीकधी येतो म्हणून नीट शब्द? मी रोज सकाळी वाट बघायचे."

"हो," इस्मे म्हणाली. "म्हणाल्या होत्या."

"मी थांबले होते फक्त."

मग लिस्ट्राने विचारलं, जेवलीस का, आणि इस्मे म्हणाली, जेवते.

पुढच्या उन्हाळ्यात लिस्ट्राने तिला टोरोंटोला नेलं. नात, सिमोन, विमानतळावर घ्यायला आली होती. उंच, तिच्या बापाच्या घराण्याचं काहीच नाही, कपाळ सगळं क्वामिनांचं. आजीला तिने आपल्या खोलीत झोपायला दिलं आणि स्वतः सोफ्यावर झोपली. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर लिस्ट्रा भांडी घासत होती आणि सिमोन आजीच्या पायाशी बसली होती.

"ग्रॅनी, आजोबा काय करायचे?" तिने विचारलं. "मम्मी कधी सांगतच नाही."

इस्मेने मुलीच्या पाठीकडे पाहिलं. "सुतार होता," ती म्हणाली. "दारं-खिडक्या करायचा. अख्ख्या गावात त्याच्या हातची दारं आहेत."

नळाचं पाणी वाहत होतं. लिस्ट्राने एक ताट विसळून जाळीत उभं केलं, दुसरं हातात घेतलं.

"गायचा पण," ती म्हणाली. मागे वळून न बघता. "चांगला गायचा."